डायरेक्ट करायचं न्हाई

अंबडला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, ते घरमालक काका स्वतः त्या घरात राहत नसत. ते अंगणात राहत. अंगणात एका शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस उभी होती. तिची बाकडी उपटून काकांनी आत दोन पलंग, ओटा, छोटं बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड खुर्चीचा संडास असा संसार थाटला होता. संसार एकट्याचाच. सगळी गल्ली त्या गाडीला डबा म्हणायची, काका खोली म्हणायचे. कुणी पत्ता विचारला तर घराचा नंबर न सांगता गाडीचा नंबर सांगायचे, आणि समोरचा लिहिता लिहिता थांबला की त्यांना फार बरं वाटायचं.

मी तिथल्या शाळेत शिकवायला होते. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात. रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन. आम्ही दोन खोल्या मागितल्या होत्या, काकांनी अख्खं घर दिलं. पहिल्या आठवड्यातच मला राहवलं नाही. विचारलं, "काका, एवढं घर सोडून तुम्ही गाडीत का राहता?"

"घर जागचं हलत न्हाई, मॅडम. मला हलायचं हाय."

"कुठं?"

"ते ठरायचं हाय."

ते ठरेपर्यंत गाडी लिंबाखाली उभी. अधूनमधून ते तिला जालना रस्त्यानं थोडं फिरवून आणत, सांधे धरू नयेत म्हणून, आणि परत आले की चाकं बरोबर त्याच खड्ड्यांत बसवत. चार वेळा मागेपुढे करतील, पण खड्डा चुकू देणार नाहीत. हलायची एवढी हौस असलेला माणूस जागेच्या बाबतीत इतका हट्टी कसा, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

काकांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये, भट्टीसमोर गेलेली. त्यामुळे त्यांना थंडी म्हणून सोसायची नाही. दिवाळीला अंगात चढलेला स्वेटर होळीलाच उतरायचा, आणि तोही कुरकुरत. उंच, जरासे वाकलेले, एक भुवई भाजून गेल्यामुळे कायम कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा. लग्न केलेलं नव्हतं. एकदा ठरलं होतं म्हणे, आणि ऐनवेळी थांबलं. "कामून थांबलं, त्याचा शोध चालू हाय," असं ते स्वतःच सांगायचे.

हा 'कामून', म्हणजे 'का', काकांचा प्राण होता. कुठलीही गोष्ट थांबली, बंद पडली, अडली, की आपण ती परत चालू करायला धावतो. काका नाही धावायचे. ते तिच्यापुढं बसायचे. "थांबली म्हंजे काही तरी सांगून राह्यली," म्हणायचे, "आधी इचारा तरी." त्यांना उचकी लागली तर पाणी पीत नसत. उचकी देत देत दुपारचं जेवण आठवत बसत. समोरच्याला दम निघत नसे, पण ते मिरचीपर्यंत पोचल्याशिवाय तांब्याला हात लावत नसत.

एकदा जालन्याला जायला म्हणून स्टँडवर गेले आणि तासाभरात चालत परत आले, मजेत. काय झालं विचारलं. एसटी स्टँडातच बंद पडली होती. ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं, सगळ्यांनी धक्का मारला, काकांनीही मारला. गाडी चालू झाली, लोक भराभर चढले. काका तेवढे खाली उभे राहून ड्रायव्हरला विचारत होते, "पण बंद कामून पडली व्हती?" ड्रायव्हरनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

"अहो, मग चढायचं ना!" मी म्हटलं.

"त्याला म्हाईत न्हाई कामून बंद पडली ते. मी असल्या माणसासंगं जात न्हाई."

आता आमच्या भागात तर या स्वभावाच्या माणसानं जगणंच कठीण. आमच्याकडे डायरेक्ट नावाचं एक औषध आहे, ते सगळ्या रोगांवर चालतं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सारखा पडतो? डायरेक्ट करा. फ्यूज उडतो? जाड तार घाला, डायरेक्ट. गिझर मधेच बंद होतो? त्यातलं ते बारकं बटण काढा, वायरीला वायर जोडा, झालं डायरेक्ट. मधे जे अडवणारं असेल ते उपटून फेकायचं आणि मोकळं व्हायचं. शहाणी, शिकलेली माणसं करतात. आम्हीही केलं होतं. नवीन राहायला आलो तेव्हा फ्यूज सारखा जायचा, म्हणून नवऱ्यानं तांब्याची चांगली जाडजूड तार पिळून घातली आणि दोन दिवस मोठ्या कौतुकात वावरला. तिसऱ्या दिवशी काका आले, मेनस्विच पाडला, ती तार काढली आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. मेलेलं झुरळ ठेवावं तशी.

"डायरेक्ट करायचं न्हाई," एवढंच म्हणाले. मग साधी फ्यूजतार घालून खुर्चीवर डोळे मिटून बसले आणि आम्हाला म्हणाले, "रोज जे जे लावता ते लावा." आम्ही पंखा लावला, मिक्सर लावला, मी तर संतापानं इस्त्रीही लावली. फ्यूज उडाला, काकांनी दुसरा घातला, परत उडाला. संध्याकाळपर्यंत हा तमाशा. शेवटी काका उठले ते थेट बैठकीत गेले आणि मी हौसेनं लावलेलं कॅलेंडर उतरवलं. माझा खिळा भिंतीतल्या वायरीत गेला होता. आजूबाजूचा गिलावा काळा पडायला लागला होता.

"क्यालेंडर त्या भिंतीला लावा," म्हणाले आणि गेले. उपदेश नाही, काही नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की आभार मानायचे राहूनच गेले.

तर असे हे काका, आणि एका हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांची थोरली बहीण आली.

आक्का पिंपळगाव रेणुकाईची. बुटकी, गोरी, कमरेतून वाकलेली आणि आवाजानं सरळ. आई लवकर गेली तेव्हा आक्कानंच काकांना वाढवलं, स्वतः परकरातली पोर असताना. गल्लीत ड्रायव्हर, वायरमन, नगरपालिकेचा माणूस, कुणाशीही वाद घालणारे काका आक्कापुढं फक्त "व्हय आक्का" म्हणत. मला हे बघायला फार मजा यायची. "स्वेटर उलटा घातलास." "व्हय आक्का." "केस काप." "व्हय आक्का."

आक्का एका काळजीनं आली होती. तिला उतारवयात झालेली एकुलती एक लेक, जावयाच्या धरणाच्या नोकरीपायी हिमाचलातल्या कुठल्याशा डोंगरात राहत होती. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, नवस झाले, दवाखाने झाले, आणि आता कुठं दिवस राहिले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, अंथरुणातून उठायचं नाही, प्रवास तर बिलकुल नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण लेक माहेरी येऊ शकत नव्हती. आणि आक्का तिच्याकडे जाऊ शकत नव्हती. तिची कंबर अशी की घडीभर बसलं की पाय बधिर व्हायचे, आडवंच व्हावं लागायचं. रेल्वेनं गेलं तरी पुढं दिवसभर डोंगरातली बस. त्यात छाती नाजूक. एकदा थंडी धरली की थेट ऑक्सिजनच.

"माही पोरगी तिथं एकटी बाळंत व्हईल," आक्का ओसरीवर बसून म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

काका लिंबाखालच्या गाडीकडं बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "लेक माहेरी येऊ शकत न्हाई ना? मंग माहेर घिऊन जाऊ."

कुठं जायचं ते असं एका वाक्यात ठरलं. माझा नवरा म्हणाला, काका, वेड लागलं का, ती गाडी जालन्यापर्यंत जाताना खोकते. पण काका आधीच गाडीखाली घुसले होते.

पुढचे दिवस अंगणात जत्रा. टायर नवे आले. इंजिन उतरलं आणि चढलं. आक्कासाठी पलंगाला कठडा आला. आक्काच्या डॉक्टरांची एकच अट होती: "जा, पण आजींना थंडी लागता कामा नये." त्यावर काकांकडे उत्तर तयार होतं. मिलमध्ये वितळवायला परदेशातून जे भंगार येतं, त्यात त्यांना पूर्वी कधीतरी एक हिटर सापडला होता, असल्याच गाडीतल्या खोलीचा. लोखंडी पेटी, आत गॅसची ज्योत, बॅटरीवर फिरणारा पंखा. तो त्यांनी पलंगाखाली बसवला. ज्योतीला हवा घ्यायला एक आणि धूर बाहेर टाकायला एक, अशी दोन भोकं त्यांनी गाडीच्या पत्र्याला पाडली, कंपाउंडच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथं कुणाची ये-जा नव्हती. हिटरमध्ये एक चिमुकली पट्टी होती. आत हवा नीट खेळत असली तरच ती उचललेली राहायची. हवा अडली की खाली पडायची आणि गॅस बंद. काकांनी ती पट्टी मला तीनदा दाखवली. "हे बगा मॅडम, किती बारीक हाय, पर सगळा कारभार हिच्या हातात."

मी म्हटलं, व्हय काका.

काकांचा हुकूम असा की निघण्याआधी आक्कानं अंगणातच गाडीत मुक्काम करायचा, म्हणजे तालीम होईल. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे आत दाटीवाटीनं बसलो. काकांनी हिटर लावला. घुर्र करून पंखा फिरला, ज्योत पेटली, पायांना मस्त ऊब लागली. आक्का म्हणाली, "बरं वाटून राह्यलं रे." तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि सगळं बंद.

परत लावला. थोडा वेळ चालला. टक्.

आक्का आमच्या घरात झोपायला आली. सकाळी काकांनी हिटर लावला तर दुपारपर्यंत न थांबता चालला. काका खुश. संध्याकाळी लावला. टक्.

इथून पुढं काकांनी जे केलं ते बघून मला त्यांची कीव आली. बॅटरी बदलली. सिलिंडर बदलला. पेटी उघडून आतली काजळी जुन्या टूथब्रशनं घासली, पंख्याचं एकेक पातं कापडानं पुसलं. संध्याकाळी वारं पडतं म्हणून होत असेल, असं वाटून गाडी जरा तिरकी करून पाहिली; ते खड्डे सुटले याचंही त्यांना काही वाटलं नाही. दिवसा चालायचा. दिवेलागणीनंतर टक् करून बंद. काका रोज त्या वेळी पलंगाखाली आडवे होऊन ज्योतीकडं टक लावून बघत असायचे. चेहरा उतरलेला, भुवईचं ते आश्चर्य आता खरं झालेलं.

तिकडून लेकीचा फोन यायचा. "आई, कधी निघताय?" आक्का म्हणायची, "निघालोच बग." फोन ठेवून आमच्या ओसरीवर येऊन बसायची. एकदा मेथी निवडताना मी चिडून म्हटलं, "काकांना ही सवय कुणी लावली हो, प्रत्येक गोष्टीला कामून, कामून?"

"मी," आक्का म्हणाली.

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, म्हणाली. ज्या दिवशी गेली त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. मुका. घरच्यांनी काय काय केलं. अंगारा लावला, दृष्ट काढली, कुणी म्हटलं जिभेला मध लावा, कुणी म्हटलं दोन थोबाडीत द्या, आपसूक बोलंल. "मीबी पोरच व्हते. मला काय कळतंय? मी त्याला शेतात नेलं अन् इचारलं, तू कामून बोलंना? तर लगेच बोलला. म्हणला, आई कुठं गेली ते कोणीच सांगंना, मंग मी बी सांगणार न्हाई. त्याला कोणी इचारलंच नव्हतं, बाई."

मी पुन्हा मेथी निवडायला लागले. काकांवर चिडायचं मला त्यानंतर जरा जड जायला लागलं.

आमच्या गल्लीत वायरिंगची कामं करणारा संतोष होता; हुशार, हाताला जलद. नवऱ्यानं त्याला बोलावलं. त्यानं हिटर उघडून पाहिला आणि एका मिनिटात निकाल दिला. "काका, ही पट्टी नाटक करून राह्यली. काढून टाकू. डायरेक्ट करू. मंग बगा, बर्फात जरी नेला तरी टकाटक चालंल."

"डायरेक्ट करायचं न्हाई."

"अहो काका, बाकी सगळं ठीक हाय, दिवसा चालतंय ना!"

"चालतंय. मंग संध्याकाळी कामून पडतंय?"

माझ्या नवऱ्यानं समजावलं. मीही समजावलं, थोडं वरच्या पट्टीत. दिवस भरत आले होते, थंडी वाढत होती, आक्काला खोकला लागला होता. एका पट्टीपायी सगळं अडून बसलं होतं. काका मान हलवत राहिले. शेवटी आक्का उठली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुहा शोध व्हईपर्यंत माही लेक बाळंत व्हऊन बसंल," ती म्हणाली. "मी म्हातारी मेले तरी चालंल, पर मला एकदा तिच्यापाशी पोचव. मला बाकी काही नको."

काका लिंबाला टेकून उभे राहिले. मग संतोषला म्हणाले, "कर."

मला वाटलं होतं आनंद होईल. नाही झाला.

"करतो," संतोष म्हणाला आणि पक्कड काढली.

"थांब. एक डाव मला नुसतं बसून बगू दे. आज कोणी काही बदलायचं न्हाई. रोज या टायमाला जे जे चालतं ते चालू द्या. मंग तू कर, मी बिलकुल आडवा येणार न्हाई."

संतोषनं आमच्याकडं बघून डोळे मिचकावले. पण पक्कड हातात धरून थांबला. रोज या वेळी काका आत ज्योतीपुढं असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी हिटर लावून बादली पालथी घातली आणि बाहेर बसले, गाडीच्या त्या बाजूला, कंपाउंडपाशी. धूर कसा निघतो ते बघायचं होतं त्यांना. आम्हीही उभे राहिलो. उन्हं गेली. शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मला पोरांच्या वह्या तपासायच्या होत्या आणि मनातून मी कासावीस झाले होते.

दिवेलागण झाली. आक्कानं देवापुढं दिवा लावला आणि रोजच्यासारखी घराभोवती फेरी मारायला निघाली. हातात चिंध्यांचे बोळे होते. आधी आमच्या मोरीचं बाहेरचं भोक आलं. आक्का वाकली, एक बोळा त्यात दाबून बसवला. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू गाडीकडं आली. पुन्हा वाकली. एक बोळा वरच्या भोकात कोंबला, एक खालच्या. तळहातानं थापटून नीट बसल्याची खात्री केली आणि पुढं निघाली. आत टक् झालं.

आम्ही चौघं तिथंच होतो. तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही. आम्हाला बघून म्हणाली, "इथं कामून उभे? डास चावतील."

"आक्का," काका म्हणाले. "काय लावलंस तिथं?"

"कुठं?"

"त्या भोकांत."

"बोळे लावले. उंदीर शिरतो, जनावर शिरतं. आत झोपायचं म्हणल्यावर भोकं उघडी ठिवतं का कोणी?"

"रोज लावतीस?"

"रोज. सकाळी झाडताना काढते."

"अन् मला सांगितलं कामून न्हाई?"

आक्काला आता खरंच राग आला. "यात सांगायचं काय? मोरीला बोळा लावला, हे कोणी सांगत असतं का?"

नव्हतंच सांगत कुणी. माझी आई लावते, आजी लावायची. मी स्वतः लावते. आयुष्यात कधी कुणाला सांगितलेलं नाही.

काका उठले. दोन्ही बोळे उपसून काढले. आत जाऊन हिटर परत लावला. घुर्र सुरू झालं. आम्ही कान लावून उभे. त्या टक्ची वाट बघत. आला नाही. वरच्या भोकातून गरम हवा येत होती, मी हात धरून बघितला. शेजारच्या भाकऱ्या संपल्या, अंधार पडला, हिटर आपला चालूच. दिवसा ती भोकं उघडी असत म्हणून तो चालायचा. संध्याकाळी काका आत पेटीतला दोष शोधत बसायचे तेव्हा बाहेरून बोळे बसलेले असायचे.

संतोषच्या ते आधी लक्षात आलं. त्याच्या हातातली पक्कड खाली गेली. "काका," तो म्हणाला, "म्हंजे मी डायरेक्ट केलं असतं तर..."

"तर चालत राह्यला असता," काका म्हणाले. "हवा न्हाई, धुराला वाट न्हाई. सगळा धूर आत. तो दिसत न्हाई अन् त्याला वासबी न्हाई. झोपलेला माणूस झोपेतच जातो."

आक्का गाडीच्या पायरीवर बसली. मग पिशवी ओढून उघडली आणि आतलं गाठोडं आम्हाला दाखवलं. चिंध्यांचे बोळे होते, नवे, धुऊन वाळवलेले. "रस्त्यानं लागतील म्हणून बांधून घेतले व्हते," ती हळूच म्हणाली. "जिथं मुक्काम करू तिथं मी लावलेच असते रे."

ते ऐकलं आणि एवढा उंच माणूस तिच्यापुढं मातीत बसला, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागला. आक्कानं त्यांच्या केसांतून हात फिरवला.

"येडा," ती म्हणाली. "रडतू कामून? बंद पडत व्हतं ना ते."

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, माझ्या नवऱ्याला हसू फुटलं. मग संतोषला. मग मला. आक्काही हसायला लागली, खोकत खोकत. काका रडता रडता हसले. मला एकदम इतकी भूक लागली की मी आत जाऊन भराभर पिठलं टाकलं, आणि गाडीत हिटरच्या उबेला बसून सगळ्यांनी ते कांद्याबरोबर खाल्लं. संतोष तर दोन भाकरी जास्तच खाऊन गेला. जाताना म्हणाला, "काका, माझ्या घरचा गिझर डायरेक्ट हाय. उद्या पहिला तो काढतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या भोकांवर जाळी लावलेल्या पत्र्याच्या टोप्या बसवल्या. आक्कानं जाळीत बोट घालून पाहिलं.

"उंदीर जाईल?"

"न्हाई, आक्का."

"पाल?"

"न्हाई."

"मंग ठीक हाय," म्हणून तिनं बोळ्यांचं गाठोडं माझ्या स्वाधीन केलं. ती निघाली तेव्हा पलंगावर आडवी होती. खिडकीतून हात हलवत होती. गाडी जालना रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकाशी उभी होते, आणि अंगणात परत आल्यावर लिंबाखालची मोकळी जागा बघवेना.

ते गेले आणि मला झोप लागेना. काही कारण नव्हतं. हिटर नीट होता, काका रोज फोन करत होते, आज इथं थांबलो, आज तिथं, आक्का बरी हाय, खोकला कमी हाय. तरी डोळे मिटले की मला ती गाडी कुठल्यातरी अनोळखी रस्त्याच्या कडेला उभी दिसायची. दारं बंद. सकाळ झालेली. कुणीतरी दारावर थापा मारतंय आणि आतून कुणी उघडत नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, अगं, आपण वाचलो ना त्यातून. बरोबर होतं त्याचं. पण मला ते दार दिसायचंच.

मग एका सकाळी, मी डबे भरत असताना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग काकांची ती भुवई, मग फोन हलत हलत आक्कावर स्थिर झाला. आक्का उन्हात, भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसली होती आणि पायांवर एवढंसं लालबुंद बाळ पालथं घालून त्याला तेल चोळत होती. बाळ बेंबीच्या देठापासून रडत होतं. मागच्या पलंगावर तिची लेक दमलेली, हसत पडलेली.

"पोरगी झाली, बाई!" आक्का त्या रडण्यावर आवाज चढवून म्हणाली. "दोघी चांगल्या हायेत. मी येळेवर पोचले. जन्मली तवा मी तिथंच व्हते, दारात."

काका काहीतरी सांगत होते, ऐकू आलं नाही. आक्कानं बाळाला उलटं केलं, त्याचं नाक चिमटीत धरून सरळ केलं, आणि फोन पडला का कोण जाणे, चित्र गेलं.

मी डबे तसेच उघडे टाकले आणि ओट्याला धरून रडायला लागले. शाळेला उशीर होत होता. नवरा हेल्मेट हातात घेऊन आला, घाबरला. "काय झालं? काय झालं गं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "काहीच नाही झालं रे. म्हणून तर रडतेय."